एका ग्रॅममध्ये तेरा गुंठे

कार्बन नॅनोट्यूबची एक ग्रॅम काळी पूड घ्या. नळ्या एकेरी भिंतीच्या, प्रत्येकीची जाडी एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या सगळ्या नळ्या सुट्या केल्या, प्रत्येकीची बाहेरची बाजू उलगडून सपाट केली आणि सगळे तुकडे एकाला एक लावून जमीन मोजतात तसे मोजले, तर १,३१५ चौरस मीटर भरतात. आपल्या मापात तेरा गुंठे. पूड तीन ग्रॅमहून थोडी जास्त घेतली की एकर पुरा होतो.

हा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. नळीची भिंत कार्बन अणूंच्या षट्कोनी जाळीची असते. शेजारच्या दोन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, त्यावरून एका चौरस नॅनोमीटरमध्ये ३८ अणू बसतात. एक ग्रॅम कार्बनमध्ये अणू किती? पाचावर बावीस शून्ये. भागाकार केला की तेरा गुंठे समोर येतात. याच आकड्यांतून लांबीही निघते. एक नॅनोमीटर जाडीच्या नळीला दर नॅनोमीटर लांबीमागे १२० अणू लागतात, म्हणजे एक ग्रॅममधल्या नळ्या टोकाला टोक लावून मांडल्या तर ४२ कोटी किलोमीटर होतात. पृथ्वीपासून सूर्यापर्यंत जाऊन परत यायला ३० कोटी किलोमीटर पुरतात, आणि वर १२ कोटी उरतात. या रेषेच्या एका टोकाकडून निघालेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचायला २३ मिनिटे घेईल. नळ्या प्रत्येकी एक मायक्रोमीटर लांबीच्या धरल्या आणि जगातल्या ८०० कोटी माणसांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच कोटींहून अधिक येतील. सगळे एका ग्रॅमातून.

एवढी जागा येते कुठून? लोखंडाचा एक सेंटिमीटरचा ठोकळा घेतला तर त्यातल्या सत्तर-ऐंशी लाख अणूंमागे एखादाच अणू पृष्ठभागावर असतो, बाकीचे सगळे आत गाडलेले. एकेरी नॅनोट्यूबमध्ये गाडलेला अणू एकही नाही. प्रत्येक अणू बाहेरच्या जगाला थेट लागून असतो. या पदार्थाचे बाह्यांग हेच त्याचे सर्वांग आहे. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर काय चिकटवले, काय गुंडाळले, कशाचा लेप दिला, यावर तो पदार्थ म्हणून कसा वागेल हे ठरते. नॅनोट्यूबविषयी सामान्य वाचकापर्यंत पोचलेला आकडा बहुतेक वेळा तिच्या ताकदीचा असतो. माझ्या मते पृष्ठभागाचे आकडे त्याहून मोठे आहेत, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले खरे काम तिथेच झाले आहे.

ताकदीचा आकडा आधी सांगून टाकतो, कारण पुढची अडचण त्यातूनच उभी राहते. १९५२ साली सोव्हिएत संशोधक रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, पण ती रशियन नियतकालिकात राहिली आणि बाहेर फारशी कोणी पाहिली नाहीत. १९९१ मध्ये जपानच्या त्सुकुबा येथे एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी एकात एक बसलेल्या भिंतींच्या नळ्या दाखवल्या, आणि १९९३ मध्ये एकेरी भिंतीच्या नळ्या मिळाल्या. २००० साली रॉडनी रुऑफ यांच्या गटाने सुट्या बहुभिंती नळ्या दोन्ही टोकांना धरून ओढल्या. त्या ११ ते ६३ गिगापास्कल ताणाला तुटल्या. ६३ गिगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेवर ६.४ टन वजन टांगण्यासारखे. एवढ्याच जाडीची उत्तम पोलादी तार दोनशे किलोच्या आसपास दम सोडते.

पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. तुटायची ती फक्त सर्वांत बाहेरची भिंत. आतल्या भिंती म्यानातून तलवार सुटावी तशा सरळ बाहेर सरकायच्या. भिंतीभिंतींत पकडच नव्हती. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून या भिंतींमध्ये रासायनिक टाके घातले, तेव्हा त्याच नळ्यांची भार पेलण्याची क्षमता २.४ ते ११.६ पटींनी वाढली. कच्चा माल तोच, कार्बनही तोच. वाढली ती फक्त पकड.

पकडीचा प्रश्न एका नळीच्या आत असा, तर नळी आणि बाहेरचा पदार्थ यांच्यात तो किती मोठा असेल! नॅनोट्यूब इपॉक्सीसारख्या प्लॅस्टिकात किंवा धातूत मिसळायची ती त्या पदार्थाला बळ द्यावे म्हणून. भार आधी भोवतालच्या पदार्थावर येतो आणि तिथून नळीच्या पृष्ठभागावरून आत उतरतो. पकड कमी असेल तर नळी न तुटता नुसती निसटते. यासाठी अभियंते एक साधे गणित मांडतात: नळीची ताकद गुणिले जाडी, भागिले पकडीच्या दुपटीने. येईल ती किमान लांबी. दहा नॅनोमीटर जाडीची, ५० गिगापास्कलची नळी घ्या. पकड ५० मेगापास्कल असेल तर ती निदान ५ मायक्रोमीटर लांब हवी. पकड ५ मेगापास्कलवर आली की लांबी ५० मायक्रोमीटर लागते. त्याहून आखूड नळीची पूर्ण ताकद वापरातच येत नाही. पोलादाच्या कित्येक पट ताकद असलेली नळी प्लॅस्टिकात घालून प्लॅस्टिक जेमतेम थोडेसे मजबूत झाले, असे अनुभव सुरुवातीच्या काळात वारंवार आले ते यामुळे.

त्याआधीही एक अडथळा आहे: नळ्या एकमेकींना सोडतच नाहीत. दोन एकेरी नळ्या एक मायक्रोमीटर लांबीभर एकमेकींना टेकल्या तर त्यांना धरून ठेवणारी ऊर्जा सुमारे ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. यात रासायनिक बंध एकही नाही. ही सगळी अणूअणूंमधली व्हॅन डर वाल्स ओढ. एकेक ओढ अगदी किरकोळ, पण हजारो अणू ओळीने समोरासमोर आले की बेरीज अशी होते. उलट बाजूला, खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे कणांना मिळणारा धक्का ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. बंधन धक्क्याच्या सुमारे वीस हजार पट. मीठ पाण्यात आपोआप विरघळते तशी ही पूड कधीही विरघळणार नाही. कितीही ढवळा, तिचे जुडगे जुडगेच राहतात. आणि जुडग्यात गेलेल्या नळ्यांचा पृष्ठभाग आतल्या आत झाकला जातो, म्हणजे ते तेरा गुंठे कागदावरच राहतात.

हे जुडगे सोडवायला काय काय करावे लागले ते पाहिले की या विषयाचे प्रमाण ध्यानात येते. पहिला उपाय साबणी रेणूंचा. पाण्यात साबणासारखे द्रव्य घालून त्यात अल्ट्रासाउंडचा मारा करतात. ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे उठतात आणि कोसळतात. कोसळत्या बुडबुड्याच्या पोटात क्षणभर ५,००० केल्विनच्या आसपास तापमान होते, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा थोडेच कमी. त्या दणक्यांनी जुडग्याचे टोक उकलते, फटीत साबणाचे रेणू शिरतात, आणि एकेक नळी साबणाच्या आवरणात सुटी होते. हे सगळे टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, पाणी हाताला कोमट लागत असताना. मग न सुटलेले जुडगे वेगळे करायचे. २००२ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली आणि ब्रूस वाइसमन यांच्या गटांनी हे द्रावण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या १,२२,००० पट जोराने चार तास फिरवले. जड जुडगे तळाशी बसले, सुट्या नळ्या वर राहिल्या. त्या सुट्या नळ्या अवरक्त प्रकाशात चमकताना पहिल्यांदाच दिसल्या. जुडग्यात असताना ही चमक शेजारच्या धातुगुणी, म्हणजे धातूसारखी वीज वाहणाऱ्या, नळ्या गिळून टाकत असत.

दुसरा उपाय साबणापेक्षा हुशार आहे. तो डीएनएचा. एकेरी धाग्याच्या डीएनएचे चपटे भाग नळीच्या भिंतीला चिकटतात आणि विद्युतभारित कणा पाण्याकडे तोंड करून राहतो. धागा नळीभोवती मळसूत्रासारखा गुंडाळला जातो. २००३ मध्ये ड्यूपाँ कंपनीत मिंग झेंग यांच्या गटाने हे दाखवले. पण मोठी मजल पुढे २००९ मध्ये मारली गेली. नॅनोट्यूब तयार होतात तेव्हा अनेक जातींची भेळ निघते. जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली आहे त्यावरून एखादी नळी धातूसारखी वीज वाहते, तर एखादी अर्धवाहक बनते. साधारण एक तृतीयांश धातुगुणी, दोन तृतीयांश अर्धवाहक. इलेक्ट्रॉनिक्ससाठी एकाच जातीच्या नळ्या हव्यात. डीएनएच्या अक्षरांचा क्रम बदलला की तो वेगळी जात ओळखतो, हे कळल्यावर योग्य क्रम शोधायचा होता. अक्षरे चार. शंभर जागा भरायच्या म्हटल्या तर शक्य क्रम होतात एकावर साठ शून्ये. साऱ्या पृथ्वीतल्या अणूंची संख्या एकावर पन्नास शून्यांच्या आसपास आहे आणि सूर्यातल्या अणूंची सत्तावन्न शून्यांच्या. म्हणजे हजार सूर्यांतले अणू मोजावेत एवढे पर्याय! संशोधकांनी आंधळेपणाने चाचण्या केल्या नाहीत. क्रमांच्या नमुन्यांत नियम शोधत गेले आणि त्या अफाट साठ्यातून वीसहून अधिक आखूड क्रम काढले, प्रत्येक क्रम एकेका जातीची नळी मिश्रणातून वेगळी काढणारा. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त आदर या कामाविषयी वाटतो.

साबण काय आणि डीएनए काय, दोन्ही नळीवर नुसते बसतात, भिंतीला धक्का लावत नाहीत. पण म्हणूनच त्यांची पकड कमकुवत. भार पेलायचा तर भिंतीशी खरा रासायनिक बंध हवा. इथे कार्बनची जाळी फोडावी लागते आणि किंमत मोजणे सुरू होते. सर्वांत जुनी रीत आम्लाची: सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल तीनास एक मिसळून त्यात नळ्या ठेवायच्या. आम्ल टोकांवर आणि दोषांच्या जागी हल्ला करते, तिथे कार्बोक्सिल गट तयार होतात, आणि त्या गटांना पुढे हवे ते रेणू जोडता येतात. १९९८ साली स्मॉली यांच्या गटाने या मार्गाने कापलेल्या नळ्यांची लांबी १०० ते ३०० नॅनोमीटर होती. मघाचे किमान लांबीचे गणित इथे पुन्हा मांडून पाहा. एक नॅनोमीटर जाडीच्या नळीला, ५० मेगापास्कलची चांगली पकड धरली तरी, ५०० नॅनोमीटर लांबी लागते. म्हणजे पकड यावी म्हणून आम्लात घातलेली नळी त्याच आम्लाने इतकी आखूड केली की मिळालेली पकड तिला पुरेना. या क्षेत्रातला मूळ पेच हाच आहे, आणि प्रत्येक नवी रीत त्यावरचे एखादे उत्तर असते.

२००१ मध्ये राइस विद्यापीठातच जेम्स टूर यांच्या गटाने डायझोनियम क्षारांची रीत आणली. तिने दर २० ते ३० कार्बन अणूंमागे एका अणूवर रासायनिक गट बसला आणि नळ्या तुलनेने शाबूत राहिल्या. फ्लोरिन वायूने तर दर दोन कार्बनमागे एक फ्लोरिन इथपर्यंत मजल जाते. इतके फ्लोरिन चढलेली नळी वीज वाहीनाशी होते, आणि हायड्राझीनने ते पुन्हा उतरवता येते.

अशा एका रासायनिक गटाने नळीचे किती बिघडते? याचे मोजमाप २००७ मध्ये झाले, आणि तो आकडा विसरण्यासारखा नाही. नळीवर प्रकाश पडला की तिच्यात उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली जागा यांची जोडी तयार होते. तिला एक्सायटॉन म्हणतात. विझण्यापूर्वी ती नळीवर इकडेतिकडे भटकते. तिचा वावर सुमारे ९० नॅनोमीटरचा, आणि तेवढ्यात ती जवळजवळ १०,००० कार्बन अणूंना भेट देऊन येते. त्या दहा हजारांत एका अणूवर जरी परका गट बसलेला असला तरी जोडी तिथे विझते. संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका रेणूची अभिक्रिया झाल्याबरोबर नळीची चमक पायरीपायरीने उतरताना पाहिली. दहा हजारांत एक, आणि तो दिसतो! रसायनशास्त्रात इतकी संवेदनशील गोष्ट मला दुसरी माहीत नाही. गंमत म्हणजे २०१३ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या गटाने उलटे करून दाखवले. ठरावीक गट मोजक्या संख्येने बसवले तर तेच दोष एक्सायटॉनला पकडून त्याला प्रकाश टाकायला लावतात, आणि चमक २८ पटींपर्यंत वाढते. गट किती आणि कुठे, यावर नळी अंध होणार की तेजस्वी, हे अवलंबून.

भिंत न फोडता नळ्या सुट्या करायची एक आडवाट आहे, ती अतितीव्र आम्लांची. क्लोरोसल्फॉनिक आम्ल नळीला तात्पुरता धन विद्युतभार देते. साऱ्या नळ्या सारख्या भाराच्या झाल्या की एकमेकींना दूर लोटतात आणि आपोआप विरघळतात. २००९ मध्ये राइस विद्यापीठात मात्तेओ पास्क्वाली यांच्या गटाने वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंत नळ्या अशा विरघळवल्या, आधीच्या आम्लांच्या हजार पट. त्या द्रावणापासून सूत कातता येते. आम्ल धुतले की नळी पूर्वीसारखी. फक्त हे आम्ल पाण्याच्या थेंबानेही खवळते, त्यामुळे कारखान्यात ते हाताळणे सोपे नाही.

आता धातूंकडे येऊ. धातूत नॅनोट्यूब घालायची तर वितळलेल्या धातूने तिला भिजवायला हवे. १९९४ मध्ये असे आढळले की ज्या द्रवाचा पृष्ठताण १०० ते २०० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या खाली आहे तोच नळीला भिजवतो. पाण्याचा ७२. वितळलेल्या ॲल्युमिनियमचा ८६० च्या आसपास. ॲल्युमिनियम नळीपासून अंगच चोरते. आणि जास्त तापवून बळेच भिडवले तर नळीच्या कार्बनशी संयोग होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते, जे ठिसूळ असते आणि पाण्याने कुजते. म्हणून मध्ये एक लेप लागतो: निकेलचा किंवा सिलिकॉन कार्बाइडचा. निकेलच का? २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई यांच्या गटाने हवेत ताणून धरलेल्या नळ्यांवर वेगवेगळ्या धातूंची वाफ बसवून पाहिली. टायटॅनियम, निकेल आणि पॅलेडियम यांचा जवळजवळ सलग थर झाला. सोने, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचे सुटे सुटे थेंब राहिले. पण आधी टायटॅनियमचा पातळ थर देऊन वर सोने दिले की सोनेही सलग बसले. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना आधी नवसागर फिरवला नाही तर कथील धरत नाही, तोच हा न्याय, फक्त भांड्याची जाडी एक-दोन नॅनोमीटर.

ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या विद्युतरोधक द्रव्यांचा लेप देण्यासाठी अणुथरांची रीत वापरतात. दोन वायू आळीपाळीने सोडायचे, एका फेरीत ०.१ नॅनोमीटरच्या आसपास थर चढतो. दहा फेऱ्यांत एक नॅनोमीटर. शुद्ध नळीवर मात्र हा थर चढतच नाही, कारण पहिल्या वायूला धरायला तिथे हायड्रॉक्सिल गट नसतात. नुसत्या दोषांच्या जागी मणी तयार होतात. २००६ मध्ये हार्वर्डच्या डॅमन फार्मर आणि रॉय गॉर्डन यांनी आधी नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू नळीवर बसवले, त्यावर ॲल्युमिनियमचा वायू सोडून त्यांना जागीच बांधले, आणि मग भिंतीला ओरखडाही न काढता सलग थर चढला.

या एक नॅनोमीटर लेपाचे वजन किती? मी हिशेब करून पाहिला तेव्हा पुन्हा तपासून घ्यावा लागला. एक नॅनोमीटरच्या नळीवर सगळीकडून एक नॅनोमीटर जाडीचा थर दिला, लेपाची घनता तीन ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर लेपाचे वजन नळीच्या जवळजवळ आठ पट भरते. एक ग्रॅम नळ्यांवर जवळजवळ आठ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड! दहा नॅनोमीटर जाडीच्या, दहा भिंतींच्या नळीवर तोच थर दिला तर तो नळीच्या वजनाच्या ६० टक्के होतो. ‘नॅनोट्यूबवर लेप दिला’ असे आपण म्हणतो खरे, पण एकेरी नळीच्या बाबतीत वजन पाहिले तर तो लेपच मुख्य असतो आणि नळी त्याच्या आतला कणा.

लेप बरोबर बसला तर काय होते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत प्रभावी उदाहरण पुन्हा त्सुकुबाचेच आहे. तिथल्या एआयएसटी या राष्ट्रीय संस्थेत चंद्रमौली सुब्रमण्यम, केन्जी हाता आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नॅनोट्यूबच्या दाट विणीत तांबे भरले. सुब्रमण्यम पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. तांबे पाण्यातल्या द्रावणातून चढवायचे म्हटले तर पाणी विणीत शिरतच नाही, तांबे वरच्यावर साचते. म्हणून त्यांनी आधी सेंद्रिय द्रावणातून तांब्याची बीजे आतपर्यंत रुजवली आणि नंतर पाण्याच्या द्रावणाने त्यांच्यावर तांबे वाढवले. तयार झालेल्या पदार्थाची घनता तांब्याच्या ८.९ ऐवजी ५.२, वीज वाहण्याचा गुण तांब्याच्या जवळ, आणि दर चौरस सेंटिमीटरला पेललेला विद्युतप्रवाह ६० कोटी अँपिअर. तांब्याच्या शंभर पट. आपल्या घरातल्या तारेतून हजारभर अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर जातात, त्यावरून अंदाज घ्या. अर्थात हे मोजमाप सूक्ष्म आकाराच्या पट्ट्यांवरचे आहे, त्याची केबल झालेली नाही. पण कारण समजण्यासारखे आहे. प्रचंड प्रवाहात तांब्याचे अणू जागचे सरकतात आणि तार आतून पोकळ होत जाते. नळ्यांच्या पृष्ठभागाला बिलगलेल्या अणूंना सरकायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. बाकी सगळी किमया त्या दुपटीची.

उष्णतेच्या बाबतीत मात्र अजून असे यश नाही. सुटी नळी तांब्याच्या सात-आठ पट उष्णता वाहते. ती प्लॅस्टिकात घातली की हा गुण जवळपास हरवतो. २००३ मध्ये नळी आणि भोवतालच्या द्रवामधल्या सीमेवरून उष्णता किती ओलांडते ते मोजले गेले. त्या सीमेचा अडथळा सुमारे १७ नॅनोमीटर जाडीच्या प्लॅस्टिकइतका आहे. नळीची स्वतःची जाडी एक नॅनोमीटर, आणि तिच्या कातडीवरचा अदृश्य अडथळा सतरा. रासायनिक बंध जोडले की अडथळा कमी होतो, पण त्याच बंधांनी नळीच्या आतला उष्णतेचा प्रवाहही मंदावतो. पुन्हा तोच पेच.

वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकाला एवढे लागत नाही, म्हणून व्यवहारात तेच आधी आले. नळ्यांचे जाळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडले गेले की प्लॅस्टिक वीज वाहू लागते. २००३ मध्ये इपॉक्सीत हा उंबरठा वजनाच्या ०.००२५ टक्क्यावर गाठल्याची नोंद आहे. एक टन इपॉक्सीत २५ ग्रॅम! काजळीच्या साध्या पुडीने हेच काम करायला टनामागे किलोंच्या हिशेबाने माल लागतो. इथे जाड लेप उलट नडतो. एका नळीवरून दुसरीवर इलेक्ट्रॉन उडी मारतो ती नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरची. मध्ये त्याहून जाड आवरण आले की उडी चुकते. ताकदीसाठी हवा तो लेप विजेसाठी नको, विजेसाठी चालतो तो उष्णतेसाठी पुरत नाही. सर्व कामांना चालणारा एकच लेप नाही, आणि तो मिळेल असे मला वाटतही नाही.

शेवटचा आकडा आपल्या फुफ्फुसांचा आहे. २००८ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवले की लांब, ताठ बहुभिंती नळ्या उंदरांच्या पोटाच्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा एका विशिष्ट प्रकारच्या नळ्यांना माणसात कर्करोग घडवू शकणाऱ्या द्रव्यांच्या यादीत घातले. पृष्ठभागावर योग्य गट बसवून नळ्या सुट्या आणि प्रभावी लांबीने आखूड केल्या तर हा दाह कमी होतो, असे २०१३ मधल्या प्रयोगांत दिसले. म्हणजे लेप आणि बदल यांचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे हवेच्या दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅम. या हिशेबाने एक ग्रॅम कोरडी पूड दहा लाख घनमीटर हवा मर्यादेपर्यंत नेऊ शकते, म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा तीन हजारांहून अधिक प्रयोगशाळा.

आपल्याकडच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पासाठी ही पूड आता सहज मागवली जाते. ती हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एवढेच सांगणे आहे: बाटली उघड्या टेबलावर उघडू नका, पंखा बंद करा, हवा खेचून घेणाऱ्या कपाटातच तोला, योग्य मुखपट्टी लावा, आणि पूड शक्य तितक्या लवकर द्रवात भिजवा. भिजलेली नळी हवेत उडत नाही.